सॅक्सोफोनचा जनक : अडॉल्फ सॅक्स

लग्नसराईच्या दिवसांत आपल्या डोणगावात बँड लावून वरात निघाली, म्हणजे त्या ताफ्यातील एखादे पितळी वाद्य पाहणाऱ्यांचे लक्ष वेधून घेते. त्याची मान बदकाच्या मानेसारखी वाकलेली असते, अंगावर चाव्यांची व झाकणांची दाटी असते, आणि खालचे टोक वळून पुन्हा वर तोंड केलेले असते. त्याला सॅक्सोफोन म्हणतात, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु हे नाव एका मनुष्याच्या आडनावावरून पडले, हे फार थोड्यांस माहीत असेल. सतार, सनई किंवा मृदंग ही वाद्ये प्रथम कोणी केली, हे कोणास निश्चित सांगता येत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या हातांतून घडत आली. सॅक्सोफोनची गोष्ट निराळी आहे. एका मनुष्याने तो मनात योजिला, स्वतःच्या कारखान्यात घडविला, स्वतः लोकांसमोर वाजविला आणि त्याच्यासाठी उभा जन्म झगडण्यात घालविला. त्या अडॉल्फ सॅक्सचे चरित्र ह्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

युरोपात म्यूज नावाची नदी आहे. तिच्या काठी, उंच कड्याच्या पायथ्याशी दिनां हे लहानसे नगर वसले आहे. तांब्यापितळेच्या कामाविषयी ह्या नगराची मध्ययुगापासून ख्याती होती. आज ते बेल्जम देशात आहे. तेथे दि. ६ नोव्हेंबर १८१४ रोजी आंत्वान-जोसेफ सॅक्स ह्याचा जन्म झाला. घरी त्याला अडॉल्फ म्हणू लागले व तेच नाव पुढे जगभर रूढ झाले. त्याचा बाप शार्ल-जोसेफ हा वाद्ये बनविणारा कुशल कारागीर होता. मुलगा लहान असतानाच कुटुंब ब्रुसेल्स येथे राहावयास गेले आणि तेथे शार्ल-जोसेफ राजदरबाराचा वाद्यकार झाला. अडॉल्फ हा अकरा भावंडांतील वडील.

ह्या मुलाच्या बाळपणाची हकीकत ऐकून कोणाचेही मन थरारेल. तो उंच जिन्यावरून खाली दगडावर पडला आणि मेलाच असे सर्वांस वाटले. तीन वर्षांचा असताना त्याने दूध समजून पाण्यात कालवलेले गंधकाम्ल पिऊन टाकले. एकदा टाचणी गिळली, एकदा दारूच्या स्फोटात भाजला, एकदा तापलेल्या लोखंडी तव्यावर पडला, आणि एकदा नदीत वाहून जात असता कोणीतरी त्यास बाहेर काढले. वार्निश लावलेले सामान ज्या खोलीत वाळत पडे, तेथे निजल्यामुळे विषारी वाफेने तो गुदमरला, असेही सांगतात. शेजारी त्याला थट्टेने दिनांचे भूत म्हणू लागले होते. ह्या गोष्टी सांगणाऱ्यांनी थोडे तिखटमीठ लावले असेलही. तथापि मरणाच्या दारातून वारंवार परत आलेला हा मुलगा होता, एवढे खास.

बापाचा कारखाना हीच अडॉल्फची पहिली शाळा. इतर मुले लाकडाच्या घोड्यांशी खेळत, त्या वयात हा हस्तिदंत कातण्यास, पितळेला घाट देण्यास व चाव्या बसविण्यास शिकला. मात्र बापाने त्याला केवळ कारागीर करून ठेविले नाही. त्याने अडॉल्फला ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत घातले, आणि तेथे तो बासरी व क्लॅरिनेट ही वाद्ये उत्तम रीतीने वाजवू लागला. वाद्य घडविणारा हात आणि ते वाजविणारा श्वास ही दोन्ही एकाच मनुष्याच्या ठायी आली, हे त्याच्या पुढील यशाचे मूळ होय. वादकाला कोठे अडते, कोणता स्वर बेसूर निघतो, कोणती चावी बोटास गवसत नाही, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नसे.

पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच त्याने स्वतः केलेल्या बासऱ्या व क्लॅरिनेट प्रदर्शनात मांडली. पुढे १८३८ साली त्याने खर्जातील मोठ्या क्लॅरिनेटमध्ये एवढी सुधारणा केली, की ते वाद्य नव्यानेच जन्मास आले असे जाणत्यांस वाटले. १८४१ साली ब्रुसेल्स येथे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा परीक्षकांनी त्याचे काम सर्वोत्तम ठरविले, परंतु सुवर्णपदक देण्याचे नाकारले. तो फार तरुण आहे. आताच सर्वांत मोठे पारितोषिक दिले, तर पुढच्या वर्षी त्याला काय द्यावयाचे, असा त्यांचा विचार पडला. मानी सॅक्सने कनिष्ठ पदक स्वीकारले नाही. ह्या प्रसंगानंतर त्याचे मन मायदेशातून उठले. वय पाहून गुण मोजण्याची ही रीत आपल्याकडेही नाही असे नाही. शिक्षकांनी व वडील माणसांनी ह्यावर विचार करण्यासारखा आहे.

आता ज्या वाद्याने त्याचे नाव अमर केले, त्याची रचना थोडी समजून घेऊ. आपली सनई वाचकांनी पाहिली आहे. तिची नळी तोंडाशी अरुंद असून खाली रुंद होत जाते, आणि तिच्या तोंडाशी गवताच्या दोन पातळ पट्ट्यांची जीभ असते. क्लॅरिनेटला एकच जीभ असते, आणि तिची नळी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची असते. त्यामुळे क्लॅरिनेट वाजविताना एक अडचण येते. खालच्या सप्तकातील षड्जावर बोटे ठेवून वरचा स्वर काढू गेले, तर तो वरच्या षड्जावर न थांबता त्याच्याही पलीकडील पंचमावर जातो. म्हणून दोन्ही ठिकाणी बोटांची मांडणी वेगळी शिकावी लागते. सॅक्सने क्लॅरिनेटची एकेरी जीभ घेतली आणि ती सनईप्रमाणे रुंद होत जाणाऱ्या पितळी नळीवर बसविली. मग वरचा स्वर बरोबर वरच्या षड्जावर येऊ लागला व बोटांची मांडणी दोन्ही सप्तकांत सारखी राहिली. अंग पितळेचे असूनही सॅक्सोफोनची गणना पितळी वाद्यांत न होता लाकडी सुषिर वाद्यांत का होते, ह्याचे कारणही हेच. त्याचा आवाज ओठांच्या कंपाने उत्पन्न होत नसून जिभेच्या कंपाने होतो.

हे सर्व त्याने कशासाठी केले? त्या काळच्या लष्करी बँडमध्ये एकीकडे कर्णकर्कश पितळी वाद्ये आणि दुसरीकडे उघड्या मैदानात ऐकूही न येणारी कोमल वाद्ये असत. मध्ये दुवा नव्हता. तंतुवाद्यांची लवचिकता आणि फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचे बळ एकाच आवाजात यावे, अशी सॅक्सची इच्छा होती. त्याने एकच वाद्य केले नाही, तर लहानमोठ्या आकारांचे एक कुटुंबच योजिले; त्यातही सभागृहातील मोठ्या वाद्यवृंदासाठी एक संच आणि लष्करी बँडसाठी दुसरा संच, अशी दोन घराणी ठरविली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपले वाद्य व्हायोलिनच्या पंक्तीस बसावे, हा त्याचा हेतू आरंभापासून होता.

१८४२ साली, खिशात फारसे द्रव्य नसता, सॅक्स पॅरिसला आला. तेथे हेक्तॉर बेर्लिओज नावाचा थोर संगीतकार वर्तमानपत्रांतून संगीतावर लेखही लिहीत असे. सॅक्सने त्याला आपले काम दाखविले. बेर्लिओजने त्याच वर्षीच्या जून महिन्यात एका प्रसिद्ध पत्रात ह्या तरुणाची व त्याच्या नव्या वाद्याची मुक्तकंठाने स्तुती केली. सॅक्सोफोनचे नाव त्यामुळे लोकांच्या कानी पडले. पुढच्या वर्षी सॅक्सने पॅरिसमध्ये कारखाना घातला. फेब्रुवारी १८४४ मध्ये बेर्लिओजने आपली एक भक्तिपर रचना सॅक्सच्या सहा वाद्यांसाठी मांडून सभेत सादर केली, तेव्हा सॅक्सोफोन स्वतः सॅक्सनेच वाजविला. वाद्य तेव्हा पुरते तयारही झाले नव्हते, त्याचे भाग दोरीने बांधून वेळ निभावली, अशी आख्यायिका आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज कास्तनेर ह्या संगीतकाराने यहूदाच्या शेवटच्या राजाविषयीच्या आपल्या संगीतनाट्यात मोठ्या वाद्यवृंदामध्ये सॅक्सोफोनला जागा दिली. पवित्र शास्त्रातील कथेच्या निमित्ताने ह्या वाद्याचा वाद्यवृंदात प्रवेश झाला, हा योगायोग आमच्या वाचकांस गोड वाटेल.

सॅक्सच्या भाग्याचा दिवस १८४५ साली उगवला. फ्रान्सचे लष्करी बँड फार निकृष्ट झाले होते व ते सुधारावे असा सरकारचा विचार होता. जुन्या पद्धतीचा एक बँड व सॅक्सच्या पद्धतीचा एक बँड ह्यांची उघड्या मैदानात चढाओढ ठेवावी, असे ठरले. पुढे १८८९ साली आयफेलचा मनोरा जेथे उभा राहिला, त्या शां द मार्स नावाच्या मैदानावर दि. २२ एप्रिल रोजी हा सामना झाला. हजारो लोक लोटले. सॅक्सचे काही वादक ऐन वेळी आलेच नाहीत; प्रतिपक्षाने त्यांस फितविले, असे त्या वेळी बोलले गेले. तरी लोकांनी सॅक्सच्या बँडलाच कौल दिला. हा विजय मुख्यतः त्याच्या सॅक्सहॉर्न नावाच्या पितळी वाद्यांचा होता. तथापि त्यानंतर निघालेल्या सरकारी हुकमाने सॅक्सहॉर्न व सॅक्सोफोन ह्या दोहोंचा फ्रेंच सैन्यात प्रवेश झाला. १८४६ साली त्याला सॅक्सोफोनचे पेटंट मिळाले; म्हणजे ते वाद्य बनविण्याचा हक्क पंधरा वर्षे केवळ त्याचा राहिला. पुढे ही मुदत आणखी पाच वर्षे वाढवून देण्यात आली.

येथून संपत्ती व संकटे ही दोन्ही एकदम आली. पॅरिसमधील इतर वाद्यकारांच्या तोंडचा घास ह्या परक्या बेल्जियन माणसाने काढून घेतला, असे त्यांस वाटले. त्यांनी आपली एकजूट करून त्याच्यावर फिर्यादी गुदरल्या. सॅक्सने नवे असे काहीच केलेले नाही, ही वाद्ये पूर्वीचीच आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. काहींनी त्याचीच वाद्ये विकत घेऊन त्यांवरील मुद्रा खोडून ती परदेशी म्हणून कोर्टात आणली, असेही सांगतात. खटल्यामागून खटले वर्षानुवर्षे चालले. पुष्कळ निकाल सॅक्सच्या बाजूने लागले, परंतु कोर्टाच्या पायऱ्या झिजविताना त्याचे द्रव्य आटले. १८४८ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजा गेला, आणि लष्करी बँडविषयीचा हुकूमही त्याच्याबरोबर गेला. १८५२ साली सॅक्सचे दिवाळे निघाले. पुढे तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या कृपेने दिवस पालटले. परंतु १८७३ व १८७७ ह्या साली त्याच्यावर पुन्हा तोच प्रसंग आला. मध्यंतरी त्याच्या ओठावर अर्बुद उठले. ज्याच्या ओठांवर त्याची विद्या, त्याच्याच ओठांवर हा घाला! काही वर्षे तो मृत्यूच्या छायेत वावरला. १८५९ च्या सुमारास मात्र तो आश्चर्यकारक रीतीने बरा झाला.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे हे आम्ही योग्य समजत नाही. सॅक्सच्या शत्रूंनी त्याला छळले हे खरे. परंतु तोही शांत स्वभावाचा नव्हता. तडजोड कशी करावी हे त्याला ठाऊक नव्हते. वादात माघार घेणे त्याला मरणाहून कठीण वाटे. आपल्या प्रत्येक नव्या वाद्यास आपलेच नाव तो देई. सॅक्सहॉर्न, सॅक्सट्रोम्बा, सॅक्सटुबा व सॅक्सोफोन ही सारी नावे त्याची साक्ष देतात. वाद्यांच्या कारखान्यांत मित्र जोडण्याऐवजी त्याने प्रतिस्पर्धीच अधिक जोडले. गुणाबरोबर थोडी नम्रता असती, तर कदाचित त्याचे निम्मे खटले उभेच राहिले नसते.

परंतु ह्या खटल्यांहूनही मोठी अशी एक निराशा त्याच्या वाट्यास आली, आणि आमच्या मते तीच त्याच्या चरित्रातील खरी शिकवण आहे. लष्करात सॅक्सोफोन रुजला. सभागृहातील वाद्यवृंदात मात्र तो रुजला नाही. पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदाला ऑर्केस्ट्रा म्हणतात. त्यात व्हायोलिनादी तंतुवाद्ये, बासरी-क्लॅरिनेटसारखी लाकडी सुषिर वाद्ये, तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये व नगाऱ्यांसारखी आघातवाद्ये असे वर्ग असतात. सॅक्स पॅरिसला आला तोपर्यंत ही रचना बहुतेक ठरून गेली होती. ज्या थोर संगीतकारांच्या कृती सर्वत्र वाजविल्या जात, त्या मोझार्ट व बेथोव्हन ह्यांच्या हयातीत सॅक्सोफोन अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे वाद्यवृंदाला ह्या वादकाची नित्य गरज पडेना. गरज नाही म्हणून वादक नाही, आणि वादक नाही म्हणून नव्या रचना नाहीत, असे हे चक्र होते.

हे चक्र तोडण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे शाळा. आणि सॅक्सला तो कळला होता. १८५७ साली पॅरिसच्या प्रसिद्ध संगीतविद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांसाठी सॅक्सोफोनचा वर्ग सुरू झाला व सॅक्स त्याचा अध्यापक झाला. विद्यार्थ्यांस वाजविण्यास रचना नव्हत्या, तेव्हा त्याने देमर्समान, सिंजले अशा मित्रांकडून त्या लिहवून घेतल्या व स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. एकट्या सॅक्सोफोनसाठी पियानोच्या साथीने लिहिलेल्या पहिल्या गंभीर रचना ह्याच वर्गाच्या आश्रयाने जन्मल्या. तेरा वर्षे हा वर्ग चालला. १८७० साली फ्रान्स व प्रशिया ह्यांचे युद्ध पेटले आणि वर्ग बंद पडला. युद्ध संपले, परंतु वर्ग पुन्हा उघडला नाही. सॅक्सने विनंत्या केल्या. त्यांचा उपयोग झाला नाही.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहा. १८७२ साली बिझे ह्या तरुण संगीतकारास एका नाटकासाठी संगीत रचावयाचे होते. नाटकगृहाने त्यास केवळ २६ वादक दिले. एवढ्या थोड्या जागेतही त्याने एक जागा सॅक्सोफोनला दिली व त्याच्या तोंडी फार करुण सुरावट घातली. १८७७ साली मासने ह्याने तेव्हाच्या हिंदुस्थानातील लाहोरच्या राजाच्या कथेवर संगीतनाट्य रचले. त्यातही सॅक्सोफोन आहे. म्हणजे संगीतकारांस हा आवाज आवडत होता. परंतु गावोगावच्या वाद्यवृंदांस ती ओळ वाजविणारा सहज मिळत नसे. मग ती क्लॅरिनेट किंवा दुसऱ्या एखाद्या वाद्यावर भागविण्यात येई. वाद्य तयार होते आणि रचनाही होत्या, परंतु शिष्य नव्हते.

सॅक्सचे उत्तर आयुष्य उदास गेले. १८७७ च्या दिवाळखोरीत त्याने हौसेने जमविलेल्या देशोदेशींच्या चारशेहून अधिक वाद्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. ज्याच्या कारखान्यातून १८४३ ते १८६० ह्या काळात सुमारे २०,००० वाद्ये बाहेर पडली, त्याला म्हातारपणी लहानशा सरकारी वेतनावर दिवस काढावे लागले. तेही काही संगीतकारांनी त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून मिळाले. फेब्रुवारी १८९४ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. तेथील मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. मरतेसमयी आपले वाद्य लष्करी बँडमध्ये वाजते आहे, एवढे समाधान त्याला होते. वाद्यवृंदासमोर एकटा सॅक्सोफोन उभा राहिलेला त्याने पाहिला नाही.

तो दिवस कसा आला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील बॉस्टन शहरी एलिझ हॉल नावाची एक सुखवस्तू स्त्री होती. विषमज्वराने तिच्या कानांस अपाय झाला होता. पतीच्या सल्ल्याने, चाळिशीच्या सुमारास, ती सॅक्सोफोन शिकू लागली. त्या काळी प्रतिष्ठित स्त्रीने हे वाद्य हाती धरणे लोकांस विचित्र वाटे. तिने त्याची पर्वा केली नाही. आपल्याला वाजविण्यास रचना नाहीत असे पाहून तिने फ्रान्समधील नामांकित संगीतकारांस द्रव्य देऊन त्या लिहविल्या. व्हँसाँ दँदी ह्याने तिच्यासाठी लिहिलेली सॅक्सोफोन व वाद्यवृंदाची रचना तिने १९०४ साली पॅरिसमध्ये स्वतः वाजविली. देब्युसी ह्या थोर संगीतकारानेही तिच्यासाठी सॅक्सोफोन व वाद्यवृंदाची एक रचना हाती घेतली, परंतु त्याने ती वर्षानुवर्षे रेंगाळत ठेविली आणि १९१८ साली तो वारला. मागे राहिलेल्या मसुद्यावरून रोजे-द्युकास ह्याने ती पुरी केली, आणि १९१९ साली ती पॅरिसमध्ये वाजविली गेली. ती एलिझ हॉलला स्वतः कधी वाजविता आली नाही.

इकडे अमेरिकेत जॅझ नावाचे नवे संगीत निघाले व १९२० नंतर सॅक्सोफोन त्याचा प्राण होऊन बसला. नाचगृहांतील ह्या प्रसिद्धीमुळे अनेक गंभीर रसिकांनी त्यास हलके मानले. परंतु त्यामुळेच वाद्य घरोघर पोचले व वादकही वाढले. राव्हेल ह्या फ्रेंच संगीतकाराने १९२२ साली मुसोर्गस्कीच्या चित्रप्रदर्शनाविषयीच्या पियानोरचनेस वाद्यवृंदाचे रूप दिले, तेव्हा जुन्या किल्ल्याच्या चित्राचे विषण्ण गीत त्याने सॅक्सोफोनच्या तोंडी घातले. मग दोन वादक पुढे आले. फ्रान्समध्ये मार्सेल म्यूल हा लष्करी बँडमध्ये वाढला, आणि जर्मनीत जन्मलेला सिगुर्ड राशर नाचगृहातील वाद्यमेळात वाजवून ह्या वाद्याकडे वळला. पॅरिसमध्ये राहत असलेला वृद्ध रशियन संगीतकार ग्लाझुनोव्ह ह्याने राशरसाठी १९३४ साली एक कॉन्चेर्टो रचला. कॉन्चेर्टो म्हणजे एकच वादक पुढे उभा राहून सर्व वाद्यवृंदाशी जणू संवाद करतो, अशा प्रकारची रचना होय. ह्या कॉन्चेर्टोत सॅक्सोफोनच्या साथीस केवळ तंतुवाद्ये आहेत. तंतुवाद्यांच्या पंक्तीस बसावे, ही सॅक्सची मनीषा त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी अशी अक्षरशः पूर्ण झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात स्वीडनमधील न्यूशपिंग गावी ती प्रथम वाजविली गेली. लगेच १९३५ साली झाक ईबेर ह्याने सॅक्सोफोन व अकरा वाद्यांसाठी आपला प्रसिद्ध लघु-कॉन्चेर्टो लिहिला. १९३९ साली राशरने एलिझ हॉलच्याच बॉस्टन शहरी तेथील मोठ्या वाद्यवृंदासमोर सॅक्सोफोन वाजविला. आणि १८७० साली बंद पडलेला पॅरिसचा वर्ग १९४२ साली मार्सेल म्यूलच्या हाताखाली पुन्हा उघडला. मध्ये ७२ वर्षे गेली होती!

आपल्या देशातही ह्या वाद्याने मूळ धरले ते शिष्यांच्याच बळावर. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईस येऊन नाचगृहांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले, आणि त्यांच्यातील अनेकांच्या हाती सॅक्सोफोन आला. दक्षिण कानडा जिल्ह्यातील कद्री गोपालनाथ ह्यांची कथा तर विशेष आहे. त्यांचा जन्म १९४९ साली नागस्वर वाजविणाऱ्याच्या घरी झाला. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी हे वाद्य ऐकले व ते मोहून गेले. कर्नाटक संगीतातील गमके पाश्चात्त्य वाद्यावर निघणे अशक्य, असे लोक म्हणत. त्यांनी गुरूंच्या हाताखाली बसून वर्षानुवर्षे साधना केली व ते अशक्य शक्य करून दाखविले. १९९४ साली लंडनच्या सुप्रसिद्ध प्रॉम्स संगीतमहोत्सवात वाजविण्याचा मान त्यांस मिळाला. २०१९ साली ते निवर्तले. दिनांच्या कारागिराने पितळेत घातलेला श्वास मंगळूरच्या एका साधकाने रागांत ओतला.

विद्यार्थी मित्रहो, अडॉल्फ सॅक्स हा अपयशी मनुष्य होता, असे त्याच्या शेवटच्या वर्षांत पाहणारास वाटले असेल. आज त्याच्याशी कोर्टात भांडलेल्या वाद्यकारांची नावे कोणास आठवत नाहीत, आणि त्याचे नाव मात्र जगातील मुलांच्या तोंडी आहे. तथापि हे नाव केवळ शोधामुळे टिकले नाही. त्याचे वाद्य पेटंटाच्या कागदाने जगले नाही, की बादशहाच्या कृपेनेही जगले नाही. जेथे कोणी ते शिकविले व कोणी ते शिकले, तेथे ते जगले. जेथे वर्ग बंद पडला, तेथे ते मुके झाले. ज्ञानाची व कलेची गोष्ट अशीच आहे. थोर मनुष्य एखादी वस्तू निर्माण करतो. परंतु ती पुढच्या पिढीच्या हाती पोचते, ती बाकावर बसून रोजचा धडा गिरविणाऱ्या मुलामुलींमुळे.

पालकांसही आमचे एक सांगणे आहे. आपल्या मुलाचे चित्त पुस्तकापेक्षा हातोडी, करवत किंवा बाजाची पेटी ह्यांत अधिक रमत असेल, तर त्यास टाकाऊ समजू नका. शार्ल-जोसेफ सॅक्सने आपल्या मुलास कारखान्यातही बसविले व शाळेतही पाठविले. एकासाठी दुसरे सोडावयास लाविले नाही. हात व विद्या ह्यांची ही जोड प्रत्येक घरी जमली, तर आपल्या गावाकडील मुलांतूनही कोण काय घडवील, हे आज कोणी सांगावे?